नाचाच्या फोटोत जान आणणारा मागचा फ्लॅश : संगीत, हळद आणि रिसेप्शनसाठी

डीजेसमोर नाचणाऱ्या माणसांचे फोटो कॅमेऱ्यावर सरळ बसवलेल्या फ्लॅशने काढले की चेहरे पांढरेफटक येतात आणि मागे नुसता काळोख. शार्पी लाइट (डीजेचे फिरते, धारदार झोताचे दिवे), धूर, एलईडी वॉल, फुलांची सजावट सगळं गायब. आपण जिथून बघतोय तिथूनच उजेड पडला तर सावली माणसाच्या पाठीमागे लपते, आणि सावली दिसली नाही की पदराचा घोळ, उडालेली वेणी, वर गेलेले हात काहीच उठून येत नाही. तोच उजेड मागून किंवा कडेने आला की केसांना कड येते, पैठणीची जर चमकते, धूर पेटल्यासारखा दिसतो. म्हणून या कामात मुख्य फ्लॅश मागचा. पुढचा फक्त चेहरा ओळखू येण्यापुरता.

सामान

दोन साधे स्पीडलाइट, म्हणजे बॅटरीवर चालणारे सुटे फ्लॅश, पुरतात. गोडॉक्स, डिजिटेक, नीवर यांपैकी काहीही चालेल, फक्त फ्लॅश आणि ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून फ्लॅश रेडिओने उडवणारा डबा) एकमेकांशी बोलणारे हवेत आणि दोन्ही फ्लॅशची पॉवर ट्रिगरवरूनच बदलता आली पाहिजे. नाच रंगात आला असताना गर्दीतून वाट काढत स्टँडपर्यंत जाऊन बटणं दाबणं शक्यच नसतं. त्याशिवाय ९ फुटी स्टँड दोन, प्रत्येकासाठी ४-५ किलोची वाळूची पिशवी, गॅफर टेप, जेलचे (फ्लॅशवर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचे) तुकडे आणि बॅटरीचा एक जादा संच. फ्लॅश चार पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर रिचार्जेबल निकेल सेलच घ्या. किराणा दुकानातल्या अल्कलाइन सेलवर फ्लॅश पुन्हा भरायला वेळ लावतो, आणि नाचात दोन सेकंदांची वाट म्हणजे गेलेला फोटो.

नाचासाठी सॉफ्टबॉक्स, अंब्रेला काढू नका. लॉनवर वाऱ्याची एक झुळूक आली तरी स्टँड आडवा होतो, आणि मऊ उजेड सगळीकडे सांडून डीजेचे रंग धुऊन टाकतो. इथे उघडा, थोडा कडक उजेडच हवा.

दोन उजेड वेगवेगळे हाताळायचे

एका फोटोत दोन उजेड असतात. डीजेचे दिवे सतत जळतात, त्यामुळे ते किती येणार हे शटर, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो ते, ठरवतं. फ्लॅश डोळ्याची पापणी लवायच्या आत येऊन जातो, त्यामुळे शटर १/६० असो की १/१५, माणसावरचा फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो. ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो) मात्र दोघांवरही परिणाम करतात. हे एकदा हाताला बसलं की अर्धं काम झालं : मागची सजावट जास्त हवी तर शटर हळू करा, चेहरे उजळ हवे तर फ्लॅशची पॉवर वाढवा, बाकी काही हलवू नका.

कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही मॅन्युअलवर ठेवा. स्टँडवरच्या फ्लॅशला टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः पॉवर ठरवण्याची सोय, देऊ नका. पांढरी शेरवानी फ्रेममध्ये आली की टीटीएल पॉवर उतरवतो, काळा सूट आला की चढवतो, आणि मागचा फ्लॅश लेन्समध्ये दिसला की पुरता गोंधळतो. स्टँड जागेवर उभा आहे, नाचाची जागा ठरलेली आहे, मग पॉवरही ठरलेलीच राहू द्या.

सुरुवातीचे आकडे असे : आयएसओ ८००, एफ/४, शटर १/६०, दोन्ही फ्लॅश १/३२ पॉवरवर, फ्लॅशचं झूम ५० मिमी. हे कुठून आले ते पाहा. साधारण स्पीडलाइटचा गाईड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला अंतराने भागलं की ॲपर्चर मिळतं) ५० मिमी झूमला, आयएसओ १०० ला ४० मीटरच्या आसपास असतो. १/३२ पॉवरला तो सुमारे ७ होतो, आयएसओ ८०० ला साधारण २०. वीस भागिले पाच मीटर म्हणजे एफ/४. तुमचा फ्लॅश पाच मीटरवर असेल तर उजेड बरोबर पडेल. सात मीटरवर असेल तर १/१६ करा, साडेतीन मीटरवर असेल तर १/६४. बॉक्सवर छापलेला ६० चा आकडा बघून फसू नका, तो बहुतेक वेळा २०० मिमी झूमचा असतो.

पॉवर कमी ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. पूर्ण पॉवरला स्पीडलाइटचा झोत सेकंदाच्या सुमारे तीनशेव्या भागाइतका चालतो, म्हणजे जोरात फिरणारा हात पुसट येऊ शकतो. १/३२ ला तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी कमी वेळात आटोपतो. उडी मारलेल्या मुलाचे केस हवेत जिथल्या तिथे थांबतात. शिवाय फ्लॅश लगेच भरतो आणि तापत नाही.

स्टँड कुठे

समजा नाचाची जागा २० बाय २० फूट आहे, म्हणजे सुमारे ६ मीटर चौरस. दोन स्टँड समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, कोपऱ्यापासून दोन-तीन फूट मागे लावा. प्रत्येक फ्लॅशपासून मध्य साधारण पाच मीटरवर येतो. आता तुम्ही फ्लोअरभोवती कुठेही फिरलात तरी बहुतेक वेळा एक फ्लॅश नाचणाऱ्यांच्या मागे किंवा कडेला असतो आणि दुसरा तुमच्या बाजूने चेहऱ्यावर येतो. तुम्ही जागा बदललीत की दोघांची कामं आपोआप बदलतात. म्हणूनच दोघांची पॉवर सारखी ठेवायची. मागचा मुद्दाम वाढवायची गरज नसते : केस, जर आणि घामाने ओली त्वचा मागून आलेला उजेड लेन्सकडे जोरात परतवतात, त्यामुळे तो आपसूकच जास्त भासतो.

उंची महत्त्वाची. फ्लॅशचं डोकं निदान साडेआठ-नऊ फुटांवर हवं. त्याहून खाली असेल तर वर केलेल्या हातांच्या सावल्या मागच्यांच्या चेहऱ्यावर पडतात आणि फेट्याचा तुरा नवरदेवाच्याच गालावर काळा पट्टा ओढतो. डोकं फ्लोअरच्या मध्यावर रोखू नका. झोताचा गाभा पलीकडच्या कडेवर जाईल एवढं वर धरा. फ्लॅशजवळ नाचणाऱ्यांवर मग झोताची फक्त कड पडते आणि लांबच्यांवर गाभा, त्यामुळे दोघांमधला फरक कमी होतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो, हा नियम इथे फार छळतो. पाच मीटरला बरोबर असलेला उजेड अडीच मीटरवर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त पडतो, आणि नेमकी तिथेच मोठी मावशी येऊन नाचायला लागते. जागा असेल तर स्टँड आणखी मागे न्या आणि पॉवर वाढवा, फरक अजून कमी होईल.

एक पाय नेहमी फ्लोअरच्या दिशेला ठेवा, वाळूची पिशवी त्याच पायावर टाका, आणि उरलेले दोन पाय चालण्याच्या वाटेत येणार नाहीत असे वळवा. मुलं पळतातच. डीजेच्या ट्रसवर (दिवे टांगायच्या लोखंडी सांगाड्यावर) क्लॅम्पने फ्लॅश लावायचा असेल तर आधी त्याला विचारा आणि फ्लॅशला सुरक्षेची दोरी बांधा. एलईडी वॉलच्या मागे फ्लॅश लपवला तर रेडिओ सिग्नल अडतो, शेजारी चार फूट बाजूला लावा.

नाच सुरू होण्याआधी तीन फोटो काढून पाहा. पहिला दोन्ही फ्लॅश बंद ठेवून : सजावट आणि दिवे दिसले पाहिजेत, पण माणसं अंधारात, साधारण दोन स्टॉप कमी. दुसरा फक्त एका फ्लॅशने, तिसरा फक्त दुसऱ्याने. मध्यभागी मदतनीस उभा करा आणि त्याला फेटा किंवा ओढणी डोक्यावर घ्यायला सांगा, सावली कुठे पडते ते लगेच कळतं. लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. त्यामुळे लॉनवरच्या संगीतात खरा नाच शेवटच्या तास-दीड तासात कोंबलेला असतो. ही तपासणी आठ वाजेपर्यंत उरकलेली बरी.

शटर ओढून रेघा आणणं

दिव्यांच्या वाहत्या रेघा आणि मधोमध धारदार चेहरा, हा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. आयएसओ ४०० करा, एफ/५.६, शटर १/१० आणि दोन्ही फ्लॅश १/८. आयएसओ आणि ॲपर्चर मिळून उजेड दोन स्टॉप उतरला, म्हणून फ्लॅश दोन स्टॉप चढवला. शटर हळू झाल्याने दिवे परत आले. लेन्स २४ किंवा ३५ मिमी. कॅमेऱ्यात रिअर कर्टन सिंक निवडा, म्हणजे फ्लॅश शटर बंद होण्याच्या अगदी आधी उडतो आणि रेघ माणसाच्या पाठीमागे पडते. फ्रंट कर्टनला उलट होतं, रेघ पुढे धावते आणि माणूस मागे सरकल्यासारखा वाटतो. काही ट्रिगरना रिअर कर्टन वेगळं चालू करावं लागतं, घरी तपासून घ्या. बटण दाबल्यावर कॅमेरा मनगटातून थोडा फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखा, पंधरा-वीस अंश. जास्त फिरवलात तर शेवया होतात.

या फोटोचं मोठं दुखणं म्हणजे आरपार दिसणारा चेहरा. मागे पांढरी एलईडी वॉल असेल तर माणूस हलताक्षणी तिचा उजेड त्याच्या चेहऱ्याच्या जागी येऊन बसतो, आणि गालातून जाहिरातीसारखी अक्षरं दिसतात. पॉवर कितीही वाढवली तरी ते जात नाही. दोन पावलं बाजूला सरका, डोक्याच्या मागे काळोख किंवा धूर येऊ द्या, आणि वॉल फ्रेमच्या कडेला ठेवा. रेघा येण्यासाठी लहान, विखुरलेले दिवे लागतात : माळा, पार लाइट (स्टेजचे गोल रंगीत दिवे), मोबाइलचे टॉर्च.

फुगडी हा या पद्धतीसाठी सर्वांत सुंदर क्षण. दोघी हातांची अढी घालून, पावलं जवळ रोवून, मागे रेलून गरगर फिरतात. त्या फिरतात पण जागा सोडत नाहीत, म्हणजे फ्लॅशचं अंतर बदलत नाही आणि फोकसही तिथेच राहतो. गुडघ्याच्या उंचीवर बसा, लेन्स २४ मिमी, शटर १/१५, आणि मागचा फ्लॅश त्या दोघींच्या बरोबर मध्ये दिसेल अशी जागा धरा. एकीची पाठ तुमच्याकडे असते तेव्हा थांबा. दोघी आडव्या येतात तेव्हा दोन्ही चेहरे बाजूने दिसतात आणि ताणलेल्या हातांमागून फ्लॅश झळकतो. वेणीवरचा गजरा बाहेर उडालेला असतो, नऊवारीचा काठ रेघ ओढत असतो. रिअर कर्टन असल्याने बटण त्या आडव्या क्षणाच्या किंचित आधी दाबायचं. दहा फोटोंत एक-दोन जमतात, आणि तेवढे पुरतात.

फोकस

काळोखात ऑटोफोकस भटकतो. मिररलेसमध्ये चेहरा ओळखणारा फोकस ठीक चालतो, पण मॅन्युअल आकड्यांमुळे व्ह्यूफाइंडर काळा पडत असेल तर एक्स्पोजरची झलक दाखवणारी सेटिंग बंद करा. गर्दीत घुसून २४ मिमीने काढायचं असेल तर सरळ मॅन्युअल फोकसवर जा. फुल फ्रेमवर २४ मिमी, एफ/५.६ आणि फोकस साडेतीन मीटरवर ठेवला की सुमारे पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. मग कॅमेरा डोक्यावर उंच धरूनही बिनधास्त काढता येतं.

धूर, रंग आणि मांडवाचं कापड

डीजेने धूर सोडला की पुढचा फ्लॅश ट्रिगरवरून बंद करा. पुढून आलेला उजेड धुराचा पांढरा पडदा करतो, मागून आलेला त्याच धुरात माणसाची काळी आकृती कोरतो. दाट धुरात लगेच काढू नका, पाच-दहा सेकंद थांबून पातळ झाल्यावर काढा. कोल्ड पायरोच्या (स्टेजवर ठिणग्यांचं कारंजं उडवणाऱ्या यंत्राच्या) ठिणग्या स्वतःच उजेड देतात. त्यांना शटर १/१०० च्या आसपास, पुढचा फ्लॅश अगदी कमी. नवरा-नवरीच्या डोक्यामागे फ्लॅश लपवून एफ/११ ठेवलंत तर उजेडाचा तारा होतो. त्याआधी लेन्सची काच पुसा. हळदीच्या दिवशी बोटाचा तेलकट ठसा काचेवर हमखास असतो आणि मागच्या उजेडात त्याचं धुकं होतं.

व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर सोडू नका, शार्पीचा रंग बदलला की प्रत्येक फोटो वेगळा येतो. कार्यालयात पिवळ्या झुंबरांचा उजेड असेल तर दोन्ही फ्लॅशना अर्धी नारिंगी जेल लावा आणि व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनवर ठेवा. चेहरे नैसर्गिक, झुंबरं किंचित उबदार आणि डीजेचा निळा आणखी गडद येतो. अर्धी जेल साधारण अर्धा स्टॉप उजेड खाते, तेवढी पॉवर वाढवा. आगरी-कोळी हळदीत पिवळ्या साड्या, पिवळे झब्बे, पिवळा मांडव आणि अंगभर हळद असते. तिथे जेल काढून टाका, नाहीतर त्वचा आणि कपडा एकच रंग होतात.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश छताकडे वळवून भराव उजेड द्यायची सवय असेल तर आधी वर बघा. मांडवाचं कापड गुलाबी असेल तर चेहरेही गुलाबी होतात, आणि लॉनवर तर छतच नसतं. अशा वेळी लहानसं पांढरं कार्ड लावून १/१२८ पॉवरने थोडा उजेड पुढे टाका, बास.

काय बिघडतं

फोटोचा खालचा किंवा वरचा भाग काळा येतोय : शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरच्या, पुढे गेलंय. बहुतेक कॅमेऱ्यांत ती हद्द १/२०० किंवा १/२५० असते. फ्लॅश अजिबात उडत नाही : सायलेंट शटर चालू राहिलंय. विधीच्या वेळी गुरुजींना त्रास नको म्हणून ते चालू केलेलं असतं आणि संध्याकाळी विसरलं जातं. फ्लॅश मधूनच उडत नाही : चॅनल बदला. हॉलचं वाय-फाय आणि बऱ्याच फ्लॅशचे रेडिओ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, शिवाय दुसऱ्या फोटोग्राफरचा ट्रिगर तुमच्याच चॅनलवर असू शकतो. काही ट्रिगरमध्ये जवळच्या आणि लांबच्या अंतराची वेगळी सेटिंग असते, फ्लॅश जवळ असताना लांबची ठेवली तरीही असं होतं. तासाभराने एक बाजू अंधारली : फ्लॅश झोपलाय. स्लीप आधीच बंद करा.

एलईडी वॉलवर आडवे पट्टे येत असतील तर शटर हळू करा, १/५० किंवा १/१०० वर आणून पाहा. लेझरचा किरण सरळ लेन्समध्ये येत असेल तर कॅमेरा खाली घ्या. सेन्सरवर कायमचे डाग पडतात, दुरुस्ती होत नाही. डीजेला लेझर प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरवायला आधीच सांगून ठेवा.

व्हिडिओवाल्यांशीही कार्यक्रमाआधी बोला. तुमचा फ्लॅश त्यांच्या काही फ्रेम अर्ध्याच उजळतो आणि ते संपादनात खटकतं. पहिल्या जोडीनृत्याची सुरुवातीची दोन मिनिटं ठरवून कमी फोटो काढा. बदल्यात त्यांनी हातातला एलईडी पॅनल तुमच्या बाजूने न मारता कडेने मारावा. तो पुढून सतत जळत राहिला तर रेघांच्या फोटोत प्रत्येक चेहऱ्याला दुसरा पुसट चेहरा फुटतो.

वरातीत

रस्त्यावर स्टँड लावता येत नाही. फ्लॅश मोनोपॉडवर लावून मदतनिसाच्या हातात द्या, आणि त्याला एकच काम सांगा : नाचणाऱ्यांच्या मागच्या बाजूला, तीन मीटरवर, डोक्याच्या वरून. तेवढ्या अंतराला उघडा फ्लॅश आयएसओ ८००, एफ/४ ला १/६४ पॉवरवर पुरेसा आहे. डिफ्युझर लावला तर १/३२ किंवा १/१६. ढोल-ताशावाल्यांचं टिपरू वर गेलेलं असताना काढा, खाली येताना चेहरे झाकले जातात. घोडीच्या डोळ्यांसमोर फ्लॅश मारू नका, तिच्या पाठीमागेही अचानक जाऊ नका. घोडेवाल्याला आधी विचारून दोन-तीन फोटो लांबून, हळूहळू काढा, ती सावरलेली दिसली तरच पुढे.

संगीत थांबलं की लोक लगेच स्टेजकडे वळतात आणि घरच्यांचे गट फोटो सुरू होतात. तिथे नऊ फुटांवरचा कडक फ्लॅश डोळ्यांखाली खड्डे पाडतो. एक स्टँड गुंडाळा, दुसरा स्टेजसमोर आणून भिंतीकडे किंवा पांढऱ्या अंब्रेलाकडे वळवा, बॅटरी बदला, व्हाइट बॅलन्स आणि शटर परत तपासा.